भाऊ, रोबोट कोबोलमधला नव्हता

भाऊ, तू वाद अर्धा टाकून उठून गेलास. ही तुझी जुनी खोड. चोपड्याच्या घरी लहानपणीसुद्धा हरायची वेळ आली की तुला नेमकी तहान लागायची. पण तेव्हा तू पाणी पिऊन परत तरी यायचास.

लोक भेटायला येतात, डोळे पुसतात आणि हळूच विचारतात, "भाऊंची काही इच्छा राहिली होती का?" मी म्हणते, "नाही हो, सगळं झालं होतं." खरं काय सांगणार? माझ्या सत्तरीला टेकलेल्या भावाची एकच इच्छा राहिली होती. माणसांना ठार मारणारा रोबोट कॉम्प्युटरच्या कोणत्या भाषेत लिहिलेला असेल, या प्रश्नावर धाकट्या बहिणीने हार मानावी. एवढं सांगितलं तर समाचाराला आलेल्या माणसाच्या हातून चहा सांडेल.

तू म्हणायचास कोबोल. मी म्हणायचे बेसिक. या दोन्ही भाषा आता आपल्यासारख्याच, म्हणजे रिटायर. पण तू जळगावला केळीवाल्यांच्या सोसायटीत आयुष्यभर कोबोल लिहिलंस आणि मी धुळ्याला क्लासमध्ये पोरांना बेसिक शिकवलं, त्यामुळे आपल्याला ती घरची माणसं. वहिनीला मात्र दोन्हींतला फरक कधीच कळला नाही. तिच्या मते दोन्हीकडे इंग्रजीच होतं आणि दोन्हीपायी जेवण थंड व्हायचं.

वादाचं मूळ तू लोकांना कधी नीट सांगितलं नाहीस, म्हणून मीच सांगते. सोसायटीचा एखादा सभासद वारला की त्याच्या घरी शोकपत्र जायचं. ते पत्र छापायचा प्रोग्राम तुझा होता. कोबोलमध्ये वाक्य संपतं ते टिंब आल्यावर. "सभासद वारला असेल तर त्याच्या नावापुढे खूण कर आणि शोकपत्र छाप," असं तुला एका दमात लिहायचं होतं. तू "खूण कर" च्या पुढे एक टिंब ठेवलंस. झालं! अट तिथेच संपली आणि "शोकपत्र छाप" हे मेलेल्या-जित्या सगळ्यांना लागू पडलं. मशीनने मान खाली घालून सगळी सोसायटी छापली. शिपायाने पाकिटं केली, पोस्टात टाकली आणि तू सायकल काढून पिंप्राळ्याला घरी गेलास.

दोन दिवसांनी सोसायटीच्या दारात ही गर्दी! सगळे मयत सभासद धोतर-टोपी घालून हजर. एक आजोबा पत्र नाचवत ओरडत होते, "मी मरी गयू अन् मालेच मालूम नही!" दुसऱ्याची बायको पत्र ऐकून आधी रडली होती आणि मग शेतातून तो घरी आल्यावर त्यालाच रागावली होती. एक म्हातारा मात्र खूश होता. पत्रात त्याला संस्थेचा आधारस्तंभ म्हटलं होतं. जिवंतपणी त्याला कोणी साधा खांबही म्हटलं नव्हतं. तो पत्र परत द्यायला तयार होईना. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे अध्यक्षांच्या घरी गेलेलं पत्र. अध्यक्षांच्या निधनाबद्दल अध्यक्षांच्याच सहीने अध्यक्षांच्या बायकोचं सांत्वन.

दुसरं कोणी असतं तर तोंड लपवलं असतं. तू त्या रविवारी मला फोन केलास आणि कसा बोललास, "बेबी, दखं का? एक टिंब, अन् बठ्ठा तालुका साफ! तुनी बेसिकले जमी का?"

"एकही माणूस मेलेला नाही भाऊ," मी म्हटलं.

"कागदवर मरना ना! मानूस आधी कागदवरच मरस, मंग मरस."

त्या दिवशी तू ठरवून टाकलंस की जगाचा नाश होईल तो कोबोलमध्येच होईल. रीतसर, चार भागांत, प्रत्येक ओळ आपल्या रकान्यात आणि शेवटी टिंब. मीही इरेला पेटले. म्हटलं, नाशाची घाई असलेला माणूस तुझ्या कोबोलसारखी आधी पानभर ओळखपरेड लिहीत बसेल का? तो बेसिक घेईल. ओळ दहा, माणूस शोध. ओळ वीस, मार. ओळ तीस, परत ओळ दहावर जा. संपलं जग. मला वाटलं जिंकले. मग तू म्हणालास, "अन् बठ्ठा मरी ग्यात का तुना रोबोट काय करी? जल्मभर शोधत फिरी. एकटा पडी जाई ना बिचारा."

माणसं मारणाऱ्या यंत्राची कणव करणारा तू पहिलाच असशील.

मग तू गोष्टी लिहायला लागलास. जळगावच्या त्या छोट्या दिवाळी अंकात दर वर्षी तुझी एक विज्ञानकथा यायची आणि तिच्यात लोहासुर नावाचा एक खुनी रोबोट असायचा. पण काय सांगावं त्या लोहासुराचं नशीब! तो निर्माण झाला पिंप्राळ्यातल्या एका पाटलाला मारायला. उतरला बोदवडला, कारण आकाशवाणीच्या बातम्या ऐकत तू स्टेशन चुकीचं लिहिलंस आणि मग तेच बरं म्हणून तसंच ठेवलंस. तिथून भर उन्हात तो पिंप्राळ्याला पोचला तर कॉलनीत घरटी पाटील. कोबोलमधला असल्यामुळे ओळख पटल्याशिवाय त्याला मारता येईना. दारोदार जाऊन तो विचारतो, नाव? वडिलांचं नाव? मूळ गाव? लोकांना वाटतं स्थळ बघायला आलाय. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी "आमची भाची पण बघून घ्या." चौथ्या घरी वीज जाते आणि लोहासुर चार्जिंगविना ओट्यावर बसून राहतो.

संपादक वैतागला होता. त्याने तुला सांगितलं होतं, "भाऊसाहेब, खुनी रोबोट आहे तर निदान एखादा तरी खून पडू द्या. वाचक नाराज आहेत." तू पुढच्या वर्षी खरंच प्रयत्न केलास. लोहासुराने एका माणसाच्या गळ्याला हात घातला. पण तुझ्याने पुढे लिहवेना. तू लोहासुराच्या आतल्या घड्याळात, जुन्या कोबोलसारखे, सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेस. शतक पालटलं, नव्व्याण्णवचे शून्य झाले आणि लोहासुराने हिशेब केला की समोरचा माणूस अजून जन्मालाच आलेला नाही. न जन्मलेल्याला मारायचं कसं? त्याने हात काढला, माफी मागितली आणि तो गेला. मी फोनवर खो खो हसले होते. वर म्हटलं होतं, "भाऊ, तुझा रोबोट म्हणजे तूच. नुसता दरारा, आत कापूस." तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तू पुढच्या रविवारी फोन केला नाहीस, आणि त्याच्या पुढच्या रविवारी दोनदा केलास.

बाहेरचा कोणी मध्ये आला की मात्र आपण एक. एकदा तुझ्याकडे एक प्राध्यापक जेवायला आले होते. ते म्हणाले, खुनी रोबोट फोरट्रानमध्ये असेल, ती शास्त्रज्ञांची भाषा. तू शेवभाजीचा घास हातात धरून त्यांना समजावलंस की फोरट्रानमध्ये काही अक्षरांनी सुरू होणारी नावं पूर्णांकच धरतात. म्हणजे रोबोटने अर्धा माणूस मारला तर तो हिशेबात शून्यच धरला जाईल आणि रोबोट अर्धी अर्धी माणसं सोडत गावभर फिरेल. त्यांनी मग लिस्पचं नाव काढलं. मी म्हटलं, लिस्पचा रोबोट बंदूक उगारेल, पण उघडलेले सगळे कंस बंद केल्याशिवाय त्याला गोळी झाडता येणार नाही, तोवर माणूस धुळ्याला पोचेल. वहिनी आतून म्हणाली, "जग बुडनं ते बुडू द्या, भाकर थंडी व्हई राहिनी." तिचंच बरोबर होतं.

भाऊ, हसता हसता एक सांगायचं राहूनच गेलं. माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा सासरी कॉम्प्युटर म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं, आणि सुनेने शिकावं हे तर मुळीच पटत नव्हतं. तू केळीचा घड खांद्यावर टाकून आलास. सासूबाईंच्या पायाशी घड ठेवलास आणि सांगितलंस, "आक्का, टायपिंगसारखंच शे. पोरगी घर बठी कमाई." त्यांनी केळी ठेवून घेतली आणि मला क्लासला जाऊ दिलं. त्या केळींवर माझं आयुष्य उभं आहे. तू मला कोबोल शिकवायला आला होतास आणि मी बेसिक उचललं, हे तुला शेवटपर्यंत बोचलं, हेही मला ठाऊक आहे. पण उपकार तुझेच. मी ते तुला कधी तोंडावर बोलले नाही, कारण लगेच म्हणाला असतास, "मंग कबूल कर." म्हणून नाही बोलले. आता बोलते. तू नसतास तर मी कोणीच नसते.

मागल्या उन्हाळ्यात तुझा प्रशांत पुण्याहून आला होता. आठवतं ना? बापाचं आणि आत्याचं तेच भांडण ऐकून तो कंटाळून म्हणाला, "अहो, आता रोबोटला अशी भाषा लागतच नाही. साध्या मराठीत सांगा, तो करतो." तू त्याच्याकडे असा पाहिलास की जणू त्याने कुळ बुडवलं. मग त्याने मोबाईलवर ती हुशार यंत्रं दाखवली. तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, "मराठी कसाले? अहिराणीमा सांग." आणि स्वतःच बोललास, "अरे भो, माले एक खुनी रोबोट बनाडी दे." ते यंत्र थोडा वेळ घुटमळलं आणि मग अत्यंत अदबीने गुजरातीत उत्तरलं की हिंसेच्या कामात ते मदत करू शकत नाही, पण हवं तर केळीच्या वेफर्सची कृती देईल. तू उशीवर पडून हसलास. हसता हसता तुला खोकला आला. "जगना नाश कराले निंघनात अन् खान्देशनी भाषा येत नही! बेबी, आपुन वाची गऊत!" वहिनी पाणी घेऊन धावत आली. तो खोकला मला तेव्हाच वेगळा वाटला होता. पण तू हसत होतास, म्हणून मी काही बोलले नाही.

मग दवाखाना. तुझ्या उशाशी ते मशीन टूक टूक करत होतं आणि त्यावर हिरवी रेघ पळत होती. तू डोळे किलकिले करून मला विचारलंस, "या मशीनमा कोनती भाषा शे?"

"सी असेल बहुतेक," मी म्हटलं.

"सी?" तू तोंड वाकडं केलंस. "मंग काई खरं नही मनं. त्यामा टिंब बी नही."

नर्स म्हणाली, आजोबा, बोलू नका. मग माझ्या मनगटाला धरून म्हणालास, "बेबी, आते तरी कबूल कर ना."

भाऊ, मला तेव्हा "हो" म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम. माणूस मरणाच्या दारात असताना त्याला जिंकू द्यावं, हे कोणीही सांगेल. पण मला वाटलं, मी हो म्हटलं तर तू निघून जाशील. वाद चालू आहे तोवर तू कुठे जात नाहीस, असा माझा आपला हिशेब. म्हणून मी म्हटलं, "बरा होऊन घरी चल, मग बघू." तू हसलास आणि मनगट सोडलंस. दुसऱ्या दिवशी तू गेलास. तेव्हापासून रविवार आला की मी फोन हातात घेते, ठेवते आणि परत घेते. एकट्या पडलेल्या यंत्राचं तू म्हणाला होतास ते हेच.

आता तुझ्या दहाव्याचं सांगते, कारण तुला ते कळायला हवं. गिरणेच्या काठी आम्ही सगळे सकाळपासून बसलो होतो. गुरुजींनी पिंड मांडला, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट पाहू लागले. कावळे होते की! समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते. पण एकही खाली येईना. ऊन चढलं. वहिनीने सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. कावळा शिवल्याशिवाय घेणार नाही म्हणाली, आणि तिची साखर तुला ठाऊक आहे.

गुरुजी म्हणाले, "काही मागे राहिलं असेल तर बोला." मग सुरू झालं. प्रशांत पुढे झाला. आईला पुण्याला नेईन म्हणाला. कावळा हलला नाही. मग म्हणाला, नेणार नाही, इथेच ठेवीन, दर महिन्याला येईन. तरी नाही. तुझ्या गोष्टींचं पुस्तक काढू, असंही तो रडत रडत म्हणाला. मला वाटलं आता तरी येशील, पण कावळ्याने चोच फांदीला घासली आणि तोंड फिरवलं. इकडे वहिनीला घेरी येऊ लागली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बेबीताई, तुम्हनं काहीतरी बाकी शे ना. सांगी टाका ना एकडाव. कोबोल ते कोबोल."

सगळी भाऊबंदकी माझ्याकडे पाहायला लागली. कोबोल म्हणजे त्यांना एखादा राहिलेला नवस वाटला असणार. मी शिकलेली बाई, कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. पण वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. मी पदर खोचला, पुढे गेले, हात जोडले आणि म्हटलं, "भाऊ, तुझंच खरं. खुनी रोबोट कोबोलमध्येच असतो. मी हरले."

कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

कोणीतरी मागून "अरेरे" म्हणालं. गुरुजींनी दर्भ घेतला आणि सांगितलं की दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. प्रशांतने मान हलवली. मी त्या वरच्या फांदीकडे पाहत उभी होते आणि मला आतून असा राग आला, भाऊ, असा राग आला की काय सांगू! जन्मभर जे मागितलंस ते मी चारचौघांत दिलं आणि तू ते नाकारतोस? तुला खोटं कळलं. फोनवरसुद्धा तुला माझं खोटं कळायचं. मी गुरुजींना म्हटलं, "थांबा." आणि पुढे जाऊन, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, बाभळीकडे बोट करून ओरडले, "खोटं बोलनू मी! कोबोल नही! बेसिक शे, भाऊ! तू मरी गया तरी बेसिकच शे! ये, काय म्हननं शे ते म्हन!"

माझा आवाज ऐकून माणसं चार पावलं मागे सरली. गुरुजीही सरले. वाळूवर एकदम मोकळं झालं, कावळा खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि त्याने घास उचलला.

वहिनी तिथेच बसून पाणी प्यायली. प्रशांत मोठमोठ्याने रडायला लागला. गुरुजी सामान आवरत मला म्हणाले की गर्दी मागे हटली म्हणून कावळा उतरला असेल. असेलही. मी काही त्यांच्याशी वाद घातला नाही.

मंडळी जेवायला निघाली. मला हाका मारत होती. मी जरा थांबले. माझं म्हणणं मी पुन्हा एकदा, अगदी मोठ्याने मांडलं होतं, आणि आपल्या नियमाप्रमाणे आता बोलायची पाळी तुझी होती. मी पाणी वाहताना पाहत बराच वेळ वाट पाहिली, भाऊ. तू काहीच बोलला नाहीस. वाद जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं, हे मला माहीत नव्हतं.